पेपर चौघांचा, मग एआयला चावी एकट्याने कशी दिली?

मा. संपादक,
स. न.

तुमच्या अंकात एआय आणि शिक्षण यावर जी पत्रं येतात ती बहुतेक 'मुलं असाइनमेंट चॅटजीपीटीकडून लिहून घेतात' या तक्रारीची असतात. तक्रार खरीच आहे, पण गोष्ट आता तिच्या बरीच पुढे गेलीय आणि त्यावर कुणी बोलताना दिसत नाही म्हणून हे पत्र. मी इंजिनीअरिंगला शिकवते, पीएचडीचे विद्यार्थी आहेत आणि आमचं सगळं लिखाण ओव्हरलीफवर चालतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ओव्हरलीफ म्हणजे ब्राउझरमध्ये लेटेक (मजकुरात कमांड लिहून त्याचं छापील पान तयार करायची पद्धत) लिहायची सोय, गुगल डॉक्ससारखीच, चार जण चार गावांतून एकाच पेपरवर, म्हणजे शोधनिबंधावर, एकाच वेळी टाइप करू शकतात. समीकरणं, आकृत्या, संदर्भ सगळं नीट बसतं म्हणून सायन्सवाले तेच वापरतात.

आत्तापर्यंत मुलं काय करायची, एखादा पॅरा कॉपी करून चॅटबॉटमध्ये टाकायची आणि सुधारून आला की परत पेस्ट करायची. आता तेवढेही कष्ट नाहीत, एआय असिस्टंट थेट ओव्हरलीफवरच्या प्रोजेक्टलाच जोडता येतो. अँथ्रोपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी नावाचं एक ओपन स्टँडर्ड काढलं, एआयने बाहेरच्या सॉफ्टवेअरशी कसं बोलायचं त्याचे नियम म्हणा, पुढे ओपनएआयनेही ते घेतलं, आणि मग हौशी प्रोग्रामर मंडळींनी ओव्हरलीफसाठी पण जोडण्या लिहून गिटहब या प्रोग्रामरांच्या साइटवर फुकट ठेवल्या. एकदा जोडलं की असिस्टंट स्वतःच फाइली उघडतो, वाचतो आणि परवानगी असेल तर बदलतोही.

फायदा नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. डेडलाइनच्या रात्री 'मिसिंग डॉलर इन्सर्टेड' असा एरर येतो आणि चूक त्या ओळीत नसतेच, चाळीस ओळी वर कुठेतरी कंस सुटलेला असतो, ते शोधायला ही गोष्ट झकास आहे. एका जर्नलने नाकारलेला पेपर दुसऱ्याच्या टेम्प्लेटमध्ये बसवणं हे निव्वळ हमालीचं काम, तेही करते. मराठीतून लेटेक वापरू बघणाऱ्यांना तर खूपच मदत होईल, कारण ओव्हरलीफचा नेहमीचा कंपायलर (लिहिलेल्याचं पीडीएफ करणारा प्रोग्राम) पीडीएफलेटेक असतो, त्यात देवनागरी टाकली की गोंधळ होतो, मेनूत जाऊन झीलेटेक किंवा लुआलेटेक निवडावं लागतं आणि फाँट द्यावा लागतो (आयआयटी मुंबईचा 'शोभिका' फुकट आहे आणि सुंदर आहे, जाता जाता सांगते). हे पहिल्यांदा करणाऱ्याला कुणी सांगत नाही, असिस्टंट सांगतो. पण नीट विचारलं तरच, नाहीतर तोही पीडीएफलेटेकचेच तोडगे देत बसतो.

माझा मुद्दा पुढचा आहे. पेपर चौघांचा असतो आणि एआयला जोडतो एकटाच, बाकीच्या तिघांना पत्ताही नसतो. बरं, जोडायचं कसं, तर एक रस्ता गिटचा (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी सिस्टीम), त्यासाठी टोकन, म्हणजे पासवर्डसारखा कोड, लागतो आणि हा टोकन अकाउंटचा असतो, एका प्रोजेक्टचा नाही. दुसरा रस्ता त्याहून भारी, काही जोडण्या सरळ ब्राउझरमधली सेशनची कुकी, म्हणजे तुम्ही लॉगिन केल्याची खूण, मागतात, ती दिली म्हणजे अख्ख्या घराची चावी दिली. तुमच्या त्या अकाउंटमध्ये दुसऱ्या ग्रुपबरोबरचा छापून न आलेला डेटा असेल, पेटंट फाइल करायचं बाकी असलेलं काही असेल, रिव्ह्यूसाठी आलेला कुणाचा पेपर असेल, ते सगळं त्या जोडणीच्या हाताशी येतं. वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संस्थेने २०२३ मध्येच रिव्ह्यूअर लोकांना ग्रँटचे प्रस्ताव जनरेटिव्ह एआयमध्ये टाकायला बंदी केली ती गोपनीयतेच्याच कारणाने, आणि इथे आपण पोरांना विचारतसुद्धा नाही की बाबा तू नक्की काय काय जोडलंयस.

बदलांचंही तसंच. ओव्हरलीफच्या गिटमध्ये वेगळी ब्रँच, म्हणजे मजकुराची समांतर प्रत, करता येत नाही, एकच मास्टर. म्हणजे एआयने बाजूला काम करावं, आपण बघावं आणि मग मुख्य मजकुरात घ्यावं ही सोय तिथे नाही, पुश केलं, म्हणजे बदल पाठवले, की थेट मजकुरात. ट्रॅक चेंजेसमध्ये जसं रंगात दिसतं की इथे अमुकने हे बदललं, तसं ते येत नाही आणि नाव लागतं त्या विद्यार्थ्याचं. फुकटच्या अकाउंटला हिस्टरी दिसते शेवटच्या २४ तासांची. आमच्याकडे एका ड्राफ्टमध्ये 'असं असण्याची शक्यता आहे' अशा अर्थाची दोन-तीन वाक्यं होती ती गुळगुळीत होऊन 'असं आहे' झाली, इंग्रजी सुधारलं, दावा बदलला, आणि हे लक्षात आलं ते परदेशातल्या सहलेखकाच्या. तो मग जे बोलला ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात वाईट प्रकार संदर्भांचा. लेटेकमध्ये संदर्भ सापडला नाही की पीडीएफमध्ये त्या जागी प्रश्नचिन्ह येतं. ते प्रश्नचिन्ह प्रामाणिक असतं हो, इथे काहीतरी कमी आहे असं ते सांगत असतं. विद्यार्थी असिस्टंटला म्हणतो, एवढी प्रश्नचिन्हं घालव. तो घालवतो, बिब फाइलमध्ये (संदर्भांची यादी असते ती) नोंद टाकून, आणि तसा पेपर कधी कुणी लिहिलेलाच नसू शकतो. लेखकांची नावं खरी वाटणारी, जर्नल खरं, वर्ष बरोबर दिसणारं. कंपायलर चूं करत नाही, त्याला नोंद मिळाली, तो खूश. कंस सुटला तर लाल होणारं हे सॉफ्टवेअर खोट्या संदर्भाला हिरवा कंदील देतं.

आणखी एक, असिस्टंट पीडीएफ नाही, सोर्स, म्हणजे आपण टाइप केलेला मूळ मजकूर, वाचतो. आपल्या सोर्समध्ये टक्क्याचं चिन्ह टाकून बंद केलेल्या, पीडीएफमध्ये न दिसणाऱ्या कॉमेंटच्या ओळी असतात, जुने आकडे, सरांवरचे शेरे, 'दुसऱ्या रिव्ह्यूअरला काही कळत नाही' वगैरे. ते सगळं जातं. आणि उलट बाजूनेही धोका आहे. जुलै २०२५ मध्ये जपानच्या निक्केई दैनिकाने बातमी दिली होती की आर्काइव्ह (arXiv) या पेपर खुले ठेवायच्या साइटवरच्या १७ पेपरांत, ८ देशांतल्या १४ संस्थांचे ते, एआयसाठी लपवलेल्या सूचना सापडल्या, पांढऱ्या अक्षरात वगैरे, की फक्त चांगलंच मत दे. तिथे रिव्ह्यूसाठी होत्या, पण कुठून तरी उतरवलेल्या टेम्प्लेटमध्ये अशी ओळ असली आणि फाइली बदलायची मुभा असलेल्या असिस्टंटने ती वाचली तर काय?

यावर आपल्याकडे नियम कुठला, तर यूजीसीचा २०१८ चा वाङ्मयचौर्याचा. १० टक्क्यांपर्यंत साम्य चालेल, पुढे पायऱ्यापायऱ्यांनी शिक्षा. तो चॅटजीपीटी यायच्या चार वर्षं आधीचा, आणि मोजतो काय तर मजकूर कुठे जुळतो ते. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाचा सारांश द्यायच्या) वेळी सगळे टक्क्याला घाबरतात, गाइडसुद्धा, आणि टक्का मर्यादेत आला की सुटलो. कुणी काय जोडलं होतं, कुणाला विचारलं होतं, हा प्रश्न फॉर्मवर नाहीच.

विद्यापीठं सध्या एआय धोरणाच्या कमिट्या नेमतायत म्हणून लिहितेय. निदान एवढं लेखी घ्या की सगळ्या सहलेखकांच्या होकाराशिवाय शेअर्ड प्रोजेक्टला काही जोडायचं नाही, कुकी तर कधीच द्यायची नाही, आणि बिबमधली प्रत्येक नोंद माणसाने उघडून बघितलीय अशी सही गाइडची, विद्यार्थ्याची नाही. आमच्या ग्रुपमध्ये आम्ही सध्या प्रोजेक्टची कॉपी डाउनलोड करून कॉमेंटच्या ओळी काढतो, एआयला ती देतो आणि पसंत पडलेले बदल हाताने मूळ फाइलमध्ये टाकतो. वेळ जातो, मुलं कुरकुरतात. एका पेपरला एक ज्येष्ठ सहलेखक नको म्हणाले, तर तो पूर्ण जुन्या पद्धतीनेच चाललाय, कंस शोधत.

आपली,
एक पीएचडी गाइड, सांगली