मंत्रीसाहेब, दवाखान्यातल्या मारहाणीच्या कायद्याच्या पाटीशेजारी पेशंटच्या फाईलची पण एक पाटी लावा की

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

परवा घरात सगळ्यांनी एक पिक्चर बघितला, डॉक्टरच्या निष्काळजीपणात घरचं माणूस गेलेल्या कुटुंबाचा. रडारड, कोर्ट, भाषणं सगळं होतं, पण मला खटकलं एवढंच की त्यांना पेशंटची फाईल किती सहज मिळाली! आमची आत्या गेली तेव्हा इथल्या एका खासगी हॉस्पिटलनं बिल लगेच हातात दिलं आणि केसपेपरची झेरॉक्स मागितली तर उद्या या, मोठे डॉक्टर आल्यावर या, असं करून करून दमवलं, शेवटी आम्ही नादच सोडला. आमची स्टोरी इंटरव्हलच्या आधीच संपली.

नियम नाही असं नाही हो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमात लिहिलंय, पेशंटनं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं रेकॉर्ड मागितलं की ७२ तासात द्यायचं. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये सांगितलंय की डॉक्टरवर गुन्हा चालवायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरचं निष्पक्ष मत घ्या, शक्यतो सरकारी. बरोबरच आहे, पण तो डॉक्टर मत कशावर देणार, कागदावरच ना? ग्राहक आयोगात जायची मुदत २ वर्षं, त्यात दिवसकार्य, दवाखान्याचं कर्ज, नोकरी, आणि त्यात फाईलसाठी हेलपाटे.

आता सोलापुरात बऱ्याच दवाखान्यात २०१० च्या कायद्याची पाटी दिसते, डॉक्टरवर हात उचलला तर ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. ती पाहिजेच, डॉ. कोटणीसांच्या गावात डॉक्टरला मारहाण शोभत नाही. पण ७२ तासाची पाटी मला तरी कुठं दिसली नाही. आत काय झालं ते कुणी सांगतच नाही म्हणून पण माणसं काचा फोडायला उठतात, ह्याचा कुणी विचार करणार का नाही?

२०२१ च्या नर्सिंग होम नियमात रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची सक्ती आहेच. ती लावलीय का बघायला महापालिकेच्या आरोग्य खात्याला जरा फिरायला लावा, आणि त्यात ७२ तासाची ओळ ठळक अक्षरात टाकायला सांगा, मराठीत तर पाहिजेच पण तेलुगू आणि कन्नडमध्ये पण, पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला आणि कर्नाटकातल्या इंडीकडनं आलेल्या शेतकऱ्याला पण वाचता आली पाहिजे. आणि पेशंट गेला असेल तर फाईलची कॉपी बिलासोबतच द्या, न मागता.

आपला,
एक सोलापूरकर