शब्द वाचले, पण कळले का?

तिसरीतील मुले मिनिटाला किती शब्द वाचतात, यावरच शाळेचे मूल्यमापन व्हावे असे सुचवणारा रविवारच्या अंकातील लेख वाचला. वेग महत्त्वाचा आहेच. अडखळत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. पण तेवढ्यावर थांबणे मला मान्य नाही. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉल सामन्याचा उतारा वाचायला दिला. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुले तो समजण्यात खेळ न जाणणाऱ्या सराईत वाचकांच्या पुढे गेली. माझ्या वर्गातही हेच दिसते. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे आमच्याकडच्या लहान मुलांच्या पोळ्याचा, उतारा अडखळत वाचणारा मुलगा लाकडी नंदीबैल, तोरण, बोजारा (घरोघरी मुलांना मिळणारी भेट) सगळे समजावून सांगतो; भरती-ओहोटीचा धडा मात्र घडाघडा वाचणाऱ्या मुलीलाही उमगत नाही. तिने समुद्र पाहिलाच कुठे? म्हणून परिसर अभ्यासाच्या तासिका कापून वाचनाचा सराव वाढवू नये. धड्याआधी दहा मिनिटे चित्रे दाखवावीत, गप्पा माराव्यात आणि वाचून झाल्यावर काय कळले, हे मुलांच्याच नागपुरी वळणाच्या, हिंदी मिसळलेल्या बोलीत ऐकून घ्यावे.

– एक प्राथमिक शिक्षिका, सक्करदरा, नागपूर