परदेशी सिनेमांना मराठी अक्षरं हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी भाषांतल्या पाहण्याजोग्या चित्रपटांची यादी आली होती. यादीशी माझं भांडण नाही. त्यातले निम्मे मी पाहिलेले नाहीत, आता शोधून बघेन. भांडण आहे ते यादीच्या डोक्यावर छापलेल्या तीन शब्दांशी: 'जाणकार रसिकांसाठी खास'. ते वाचून आमच्या वाडीतल्या किती जणांनी पान उलटलं असेल याचा मला अंदाज आहे, कारण वाचनालयातला हा अंक चार हातांतून फिरून मगच माझ्याकडे येतो.

मी दापोली तालुक्यात, हर्णैच्या बाजूला राहतो. जून-जुलैत मासेमारी बंद, होड्या वर ओढून शाकारलेल्या, माणसं घरात. गेली काही वर्षं या दिवसांत आम्ही वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी एक सिनेमा लावतो. पडदा म्हणजे धुतलेली चादर, प्रोजेक्टर भाच्याचा. लाइट गेली की सिनेमा थांबतो आणि चहा होतो. येणाऱ्यांत खलाशी असतात, मासळी विकणाऱ्या बायका असतात, दोन निवृत्त मास्तर, आणि मुंबईची नोकरी संपवून गावी परतलेले माझ्यासारखे काही. यात जाणकार कोण ते तुम्हीच ठरवा.

पहिला लावला तो जपानी, कानेतो शिंदो यांचा 'द नेकेड आयलंड', १९६० सालचा. निवडीमागे माझी लबाडी होती. त्यात संवाद जवळजवळ नाहीतच, म्हणजे भाषांतराची कटकट नाही. नवरा-बायको, दोन मुलगे आणि समुद्रातलं एक उघडंबोडकं बेट. बेटावर गोडं पाणी नाही. ते दुसरीकडून होडीने आणायचं, कावडीला दोन बादल्या लावून उभा चढ चढायचा आणि एकेका रोपाच्या मुळाशी जपून ओतायचं. दीड तास बहुतेक हेच. पहिली दहा मिनिटं माडीवर चुळबुळ झाली, मग बायका गप्प झाल्या. ज्यांचं घर वर आणि विहीर खाली आहे, ज्यांनी मे महिन्यात टँकरची वाट बघितली आहे, त्यांना कावडीच्या दांडीचा बाक समजावून सांगावा लागत नाही. एका ठिकाणी त्या बाईचा तोल जातो, बादली सांडते आणि नवरा येऊन तिच्या थोबाडीत मारतो. ती एक शब्द बोलत नाही. आमच्या मागच्या रांगेतून मात्र आवाज आला, "मेल्या, तू आण एक दिवस!"

१९६१ साली मॉस्कोच्या महोत्सवात या सिनेमाला मोठं पारितोषिक मिळालं होतं, हे मी संपल्यावर सांगितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. पावसाचं पाणी साठवायला त्या लोकांनी एखादं टाकं का बांधलं नाही, यावर वाद रंगला होता.

मग हिय्या करून लुकिनो व्हिस्कोंती यांचा 'ला तेर्रा त्रेमा' लावला. १९४८ सालचा, इटलीच्या सिसिली बेटावरच्या आची त्रेझ्झा नावाच्या मासेमारांच्या गावात चित्रित झालेला. त्यात व्यावसायिक नट नाहीत, कामं गावातल्याच माणसांनी केली आहेत. रात्रभर समुद्रात मरायचं मासेमारांनी आणि भाव ठरवायचा घाऊक व्यापाऱ्यांनी. न्तोनी नावाचा तरणा पोरगा एकदा भडकतो आणि व्यापाऱ्यांचे तराजू समुद्रात भिरकावतो. पुढे घर गहाण टाकून तो स्वतःचा धंदा सुरू करतो. एकदा जाळ्यात भरभरून मासळी लागते, सगळं घर ती खारवून पिंपं भरायला बसतं. त्या प्रसंगात आमच्या बायका अशा काही हसत होत्या की जणू स्वतःच्याच घरात मीठ पसरलंय. मग वादळ होतं, होडी मोडते, व्यापारी खारवलेला माल मातीमोल भावाने उचलतात, घर जातं. शेवटी तो पोरगा मान खाली घालून त्याच व्यापाऱ्यांकडे कामाला जातो. हर्णै बंदरावरचा संध्याकाळचा लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला यातलं काय कठीण आहे? सिनेमा अडीच तासांहून मोठा आहे. एक तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, दाराशी शेवटपर्यंत उभाच होता. जाताना एवढंच म्हणाला, "त्याने एकट्याने करायला नको होतं." सिनेमातही शेवटाकडे एका लहान मुलीशी बोलताना न्तोनी याच जागी येतो.

आता मुद्द्याचं. या सिनेमातली माणसं पुस्तकी इटालियन बोलतच नाहीत, सिसिलीतली आपली बोली बोलतात. सुरुवातीला पडद्यावर पाटी येते तीच अशा अर्थाची, की सिसिलीत इटालियन ही गरिबांची भाषा नाही. ती बोली इतर इटालियनांना उमगणार नाही म्हणून मागे अर्थ सांगणारा निवेदकाचा आवाज आहे. म्हणजे सांगणाऱ्याची गरज रोमच्या माणसालाही पडली. आम्हाला पडली तर त्यात लाजायचं काय?

'पॅरासाइट' या कोरियन सिनेमाचे दिग्दर्शक बाँग जून-हो जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत पुरस्कार घेताना म्हणाले होते की सबटायटल्सचा इंचभर उंचीचा अडथळा ओलांडलात तर किती तरी सुंदर सिनेमे तुम्हाला भेटतील. वाक्य सगळीकडे छापून आलं, आपल्याही अंकात आलं असेल. पण त्यांच्या समोर बसलेल्यांना ती इंचभर अक्षरं निदान वाचता येत होती. आमच्या चादरीवर ती इंग्रजीत उमटतात. सिनेमा कोरियन, खाली इंग्रजी, आणि समोर सातवीपर्यंत शिकलेली बाई. एक परकी भाषा कळावी म्हणून दुसरी परकी भाषा! अडथळा आहे तो इथे, आणि आपण त्याला 'जाणकारी' असं गोंडस नाव देऊन मोकळे होतो.

'पॅरासाइट' आम्ही माडीवर लावला नाही. मुलं असतात, आणि तो मुलांसोबत बघण्यासारखा नाही. पण माझ्या चिपळूणच्या मेहुणीला मी तो घरी दाखवला. त्यात एका गरीब कुटुंबाच्या अर्ध्या तळघरातल्या घरात गटाराचं पाणी शिरतं, माणसं रात्र निवाऱ्याच्या हॉलमध्ये काढतात आणि दुसऱ्या दिवशी श्रीमंत मालकीणबाई फोनवर म्हणते की पावसाने बरं झालं, हवा कशी स्वच्छ झाली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात मेहुणीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. तिने तिथे सिनेमा थांबवायला लावला. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "लाव पुढे."

हिंदीत डब केलेलं मिळतं की, असं कुणी म्हणेल. मिळतं, आणि काहीच न बघण्यापेक्षा ते बरं. पण कान उपाशी राहतात. इराणचे अब्बास कियारोस्तामी यांच्या १९८७ च्या सिनेमाचं मूळ नाव 'खाने-ये दोस्त कोजास्त', म्हणजे दोस्ताचं घर कुठे आहे. दोस्त आपलाच आणि खाने म्हणजे आपल्या कारखाना-दवाखान्यातला खाना. माजिद मजिदींच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन'चं (१९९७) मूळ नाव 'बच्चेहा-ये आसमान'. बुटांचा एकच जोड भाऊ-बहीण पाळीपाळीने घालून शाळेत जातात त्याची ती गोष्ट. तो बघताना पोरांनी ओळखीचे फारसी शब्द पकडायचा खेळच सुरू केला. दर्यावर्दीतला दर्या फारसीत समुद्रच, हे सांगितल्यावर तर खलाशीही खेळात उतरले. डबिंगमध्ये हे सगळं पुसलं जातं.

मग आम्ही काय करतो? सुरुवातीला मी पडद्याशेजारी बसून मोठ्याने अर्थ सांगायचो, पोथी सांगतात तसा. नंतर कळलं की जपानमध्ये मूकपटांच्या काळात हा रीतसर पेशाच होता. त्या निवेदकांना 'बेन्शी' म्हणत, आणि दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचा थोरला भाऊ बेन्शी होता. माझा आवाज मात्र बेन्शीचा नाही. अर्ध्या तासात घसा बसतो, आणि करुण प्रसंगात मी खोकलो की हशा पिकतो.

भाच्याने दुसरी वाट दाखवली. सबटायटलची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो: आकडा, कोणत्या सेकंदापासून कोणत्या सेकंदापर्यंत, आणि खाली ओळ. इंग्रजी ओळ पुसून तिथे मराठी लिहायची आणि युनिकोडमध्ये साठवायची, बस्स. अशी मराठी अक्षरं केलेल्या पहिल्या सिनेमाला आम्हाला अख्खा मे महिना लागला. ओळ लांबली तर वाचून होण्याआधी पडद्यावरचा माणूस खोलीबाहेर गेलेला असतो, म्हणून शब्द खुडावे लागतात.

आणि इथेच मला खरी गंमत कळली. यासुजिरो ओझू यांचा १९५३ चा 'टोकियो स्टोरी' घ्या. ओनोमिची या समुद्रकाठच्या गावातून म्हातारा-म्हातारी टोकियोला मुलांकडे जातात. डॉक्टर मुलाला वेळ नाही, पार्लर चालवणाऱ्या मुलीला त्यांची अडचण वाटते. शेवटी त्यांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी, आतामीला, धाडून दिलं जातं. तिथे रात्रभर गोंगाट, झोप नाही. सुट्टी काढून त्यांना टोकियो दाखवते ती युद्धात गेलेल्या मुलाची बायको, नोरिको. डोंबिवलीच्या मुलाकडे आठ दिवस राहायला गेलेल्या आणि पाचव्या दिवशी "गावी नारळ पाडायचे आहेत" म्हणून परत आलेल्या आईवडिलांना या गोष्टीत उपरं काय वाटणार? इंग्रजी अक्षरांत नोरिको सासूसासऱ्यांशी, नणंदेशी, साहेबाशी, सगळ्यांशी एकाच 'यू'ने बोलते. मराठीत लिहिताना मात्र दर ओळीला ठरवावं लागतं: तू की तुम्ही, आम्ही की आपण, ये की या. जपानीतही बोलण्यात आदराच्या पायऱ्या आहेत. मुलगी आईवडिलांना तोडून बोलते आणि सून अदबीने बोलते, हा सिनेमाचा गाभा. इंग्रजीत तो सपाट होतो आणि मराठीत परत उभा राहतो. हे लक्षात आलं त्या रात्री मी आणि भाचा दोन वाजेपर्यंत बसलो होतो.

सगळंच जमतं असं नाही. आंद्रेई तारकोव्हस्कींच्या 'स्टॉकर' या रशियन सिनेमाला मध्यंतरापर्यंत सातजण उरले होते, त्यातले दोन झोपलेले. मलाही तो पुरता कळला असं म्हणणार नाही. 'टोकियो स्टोरी' मी स्वतः पहिल्यांदा बघताना झोपलो होतो, हेही सांगून टाकतो.

हे वेड आमचंच नाही. कर्नाटकात सागर तालुक्यात हेग्गोडू नावाचं सुपारीच्या बागांचं खेडं आहे. तिथल्या १९४९ साली सुरू झालेल्या नीनासम या संस्थेने नाटकांच्या जोडीने जगभरचे सिनेमे गावकऱ्यांना दाखवले. त्यामागच्या के. व्ही. सुब्बण्णांना १९९१ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुपारी आमच्याकडेही आहे.

म्हणून विनंती अशी: पुढची यादी छापाल तेव्हा वरचे ते तीन शब्द काढा आणि प्रत्येक सिनेमापुढे दोन गोष्टी लिहा. तो रीतसर कुठे मिळतो, आणि त्याला मराठी सबटायटल आहेत का. बहुतेक ठिकाणी 'नाहीत' असंच छापावं लागेल, तर तसं छापा. शिवाय जपानी, फारसी, इटालियन शिकलेले मराठी वाचक पुण्या-मुंबईत पुष्कळ असतील. आमचं भाषांतर इंग्रजीवरून उतरवलेलं असतं, त्यांनी ते तपासून दिलं तर उपकार होतील.

लगेचची अडचण 'टोकियो स्टोरी'तली आहे. शेवटाकडे धाकटी नणंद नोरिकोला विचारते, आणि नोरिको हसून होकार देते. इंग्रजीत आहे की आयुष्य निराशाजनक असतं, नाही का? हे कुठली नणंद वहिनीशी बोलेल? आम्ही तूर्त लिहिलं आहे: "वहिनी, सगळं नकोसंच असतं ना?" "हो गं, असतं." जपानी जाणणाऱ्या कुणाला याहून बरं सुचलं तर आपल्यामार्फत कळवावं. येत्या पावसाळ्यात तो परत लावायचा आहे.

आपला,
एक वाचक
ता. दापोली, जि. रत्नागिरी