निवडणूक आयुक्त निवडणुकीतून नको, पण नेमणूक तरी उघड्यावर करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नाशिक महापालिकेचा निकाल लागला, गुलाल उडाला, तरी आमच्या इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर एक विषय अजून संपत नाहीये. बोटाला शाईऐवजी मार्कर लावला, यादीत नाव दोनदा आलंय म्हणून नावापुढे दुबारचे स्टार, नवऱ्याचं नाव एका शाळेत आणि बायकोचं भलत्याच शाळेत, ह्या सगळ्याचा लोकांना राग आहे आणि तो बरोबरच आहे. पण त्या रागातून हल्ली एक उपाय फार ऐकू यायला लागलाय, की ग्रामपंचायत ते महापालिका निवडणुका घेणारा राज्य निवडणूक आयुक्त पण सरपंचासारखा थेट जनतेतून निवडून द्या, मग बघा कसा सरळ वागतो, अमेरिकेत तसंच असतं म्हणे. मला हा उपाय अजिबात पटत नाही. तिकडं ह्या पद्धतीने काय काय झालंय ते आपल्या लोकांपुढे यावं म्हणून हे पत्र.

तिकडं आपल्या केंद्राच्या आयोगासारखा देशभराचा एकच निवडणूक आयोग नाही, प्रत्येक राज्य आपापली निवडणूक घेतं. बहुतेक राज्यांत ह्या कामाच्या प्रमुखाला सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणतात आणि त्यातल्या बऱ्याच राज्यांत हा माणूस पक्षाच्या तिकिटावर, प्रचार करून, देणग्या गोळा करून निवडून येतो. म्हणजे आधी पक्षात उमेदवारी जिंकायची, मग राज्यभर मतं मागायची, आणि मग पुढची चार वर्षं सगळ्यांच्याच मतांचा हिशोब ठेवायचा. 3 नोव्हेंबर 2026 ला जॉर्जिया, अ‍ॅरिझोना, मिशिगन, नेवाडा अशा कितीतरी राज्यांत ही निवडणूक आहे.

आता ह्यातून काय होतं बघा. 2000 साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडामध्ये बुश आणि गोर यांच्यात शेवटी फरक राहिला फक्त 537 मतांचा, आणि त्या निकालावर सही करणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरीन हॅरिस ह्याच बुश यांच्या तिथल्या प्रचार समितीच्या सहअध्यक्ष होत्या. त्यांनी नियमाप्रमाणे केलं असेल नसेल, पण हरलेल्या बाजूने ते का मानावं? पुढे 2003 पासून फ्लोरिडात हे पद निवडणुकीतून निघून गव्हर्नरच्या, म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या राज्यप्रमुखाच्या, नेमणुकीत गेलं, तसं ठरलं मात्र 1998 मध्येच होतं. 2018 मध्ये जॉर्जियात ब्रायन केम्प हे सेक्रेटरी ऑफ स्टेट असतानाच गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे राहिले, म्हणजे स्वतःच्याच निवडणुकीचे प्रमुख! सुमारे 53 हजार लोकांचे मतदार नोंदणीचे अर्ज त्यांच्या खात्यात अडकून पडल्याची बातमी ऐन प्रचारात आली, विरोधात स्टेसी अब्राम्स होत्या, आणि केम्प जवळपास 55 हजार मतांनी जिंकले. खुर्ची सोडली ती मतदान झाल्यावर दोन दिवसांनी. हे एकट्या रिपब्लिकन पक्षाचं आहे असंही नाही, 2022 मध्ये अ‍ॅरिझोनात डेमोक्रॅट केटी हॉब्स यांनी हेच केलं, पदावर राहून गव्हर्नरकीला उभ्या राहिल्या आणि साधारण 17 हजार मतांनी आल्या.

मी जिल्हा परिषदेची निवृत्त शिक्षिका. इलेक्शन ड्युटी आम्हाला कधी चुकली नाही, पेठ, सुरगाणा, दिंडोरी, जिथे पाठवतील तिथे आदल्या दिवशी साहित्य घेऊन एसटीने जायचं आणि शाळेच्या वर्गात मुक्काम करायचा. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधी मॉक पोल असतो, उमेदवारांच्या एजंटांच्या समोर खोटी मतं टाकून मशीन बरोबर मोजतं का ते दाखवायचं, मग ती मतं पुसायची, परत शून्य दाखवायचं, मग सील. त्या हिरव्या कागदी सीलवर केंद्राध्यक्षाची सही होते आणि हजर असलेल्या एजंटांची पण. संध्याकाळी क्लोजचं बटण दाबलं की एकूण आकडा रजिस्टरशी जुळवायचा आणि सतरा सी फॉर्मची, म्हणजे मतांच्या हिशोबाची, प्रत प्रत्येक एजंटाच्या हातात द्यायची. बाहेर एकमेकांची कॉलर धरणारी पोरं त्या टेबलाशी येऊन गुपचूप सही करतात, एकजण तर मला म्हणाला होता की मॅडम तुम्ही वाचून दाखवा आकडा, समोरच्या पक्षाच्या एजंटाने वाचलेला मी लिहून घेणार नाही. ही सही का होते, तर टेबलामागे बसलेल्या बाईच्या गळ्यात कुठलंच उपरणं नाही ह्याची दोघांनाही खात्री असते म्हणून. आता ह्याच उतरंडीच्या सगळ्यात वर बसणारा माणूस जर पक्षाचं चिन्ह घेऊन निवडून आलेला असेल तर खालच्या टेबलावर ती सही कशाला कोण करेल.

पिंपळगावच्या मार्केटात कांदा व्यापारी घेतो, विकतो शेतकरी, पण वजन मापाडी करतो. मापाडी व्यापाऱ्यांनी निवडायचा का शेतकऱ्यांनी, अशी मतं घ्यायला लागलो तर जो हरेल तो प्रत्येक गोणीपाशी भांडत बसेल.

ह्यावर लगेच कुणी म्हणेल की मग रॅफेन्सपर्गर यांचं काय, आणि हा प्रश्न रास्त आहे. ब्रॅड रॅफेन्सपर्गर जॉर्जियाचे सेक्रेटरी ऑफ स्टेट, ट्रम्प यांच्याच पक्षाचे, लोकांनी निवडून दिलेले. 2020 ला बायडन त्यांच्या राज्यात 11,779 मतांनी जिंकले. रॅफेन्सपर्गर यांनी जवळजवळ 50 लाख मतपत्रिका हाताने मोजून घेतल्या, त्यानंतर मशीनवर परत मोजणी झाली, निकाल तोच राहिला. 2 जानेवारी 2021 ला खुद्द तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना फोन करून मला 11,780 मतं शोधायची आहेत असं सांगितलं, तासाभराचा फोन तो, आणि ह्या माणसाने तुमच्याकडचा डेटा चुकीचा आहे असं तोंडावर सांगितलं. धमक्या आल्या, पक्षातले लोक उलटले, 2022 मध्ये ट्रम्प यांनी पक्षातूनच त्यांच्याविरुद्ध उमेदवार दिला तरी लोकांनी त्यांनाच परत निवडलं. मला ह्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. आणि हेही खरं की ते कुणाच्या मर्जीने नेमलेले असते तर एका आदेशात घरी गेले असते.

पण त्याच वर्षी 2020 चा निकाल मान्य नाही म्हणणारे उमेदवार अ‍ॅरिझोना, मिशिगन आणि नेवाडात ह्याच पदासाठी उभे होते. ते तिघंही पडले म्हणून निभावलं. थोडी मतं इकडची तिकडं झाली असती तर मोजणीच्या खुर्चीत मोजणीच न मानणारा माणूस बसला असता! एका सज्जन माणसाच्या भरवशावर एवढी मोठी व्यवस्था ठेवायची का, हा माझा सवाल आहे. शिवाय 2021 मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने कायदा बदलून रॅफेन्सपर्गर यांना राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून काढून टाकलं आणि त्यांचा मताचा अधिकारही काढला. लोकांनी निवडून दिलेला होता तरी काढला.

हे वाचताना मला आपलं 2022 आठवलं. मार्चमध्ये आपल्या विधिमंडळाने कायदा करून प्रभागरचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, आणि तो कायदा करताना सत्ताधारी आणि विरोधक एक होते. त्याच महिन्यात नाशिक महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा विषय, कोर्टाच्या तारखा, प्रभागरचना बदलत राहिली, आणि 15 जानेवारी 2026 ला मतदान होईपर्यंत जवळपास चार वर्षं शहरात प्रशासक होता. सिंहस्थाची एवढी कामं त्याच काळात ठरली, तपोवनातली झाडं तोडण्याचा वाद पेटला तेव्हा विचारायला आपल्याकडे एकही नगरसेवक नव्हता. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं नसतं तर अजून किती थांबलो असतो कोण जाणे. तेव्हा लोक आयुक्तांवर चिडतात पण त्यांच्या हातातून काय काय काढून घेतलं ते कुणी बघत नाही.

राज्यघटनेच्या 243 ट आणि 243 यक कलमांनी राज्य निवडणूक आयोगाला ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका दिल्या, आयुक्तांना काढायचं तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढतात तसंच काढावं लागतं. कागदावर एवढी भक्कम जागा, पण प्रत्यक्षात? 2008 मध्ये आपल्याच विधानसभेने माजी राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना हक्कभंगाच्या प्रकरणात दोन दिवसांची कैद दिली होती. 2020 मध्ये आंध्रात आयुक्तांनी कोरोनामुळे निवडणूक पुढे ढकलली तर सरकारने वटहुकूम काढून त्यांचा कार्यकाळच पाचाचा तीन वर्षं केला, हायकोर्टाने तो रद्द केला म्हणून ते परत येऊ शकले. शेजारच्या गोव्यात तर सरकारच्या कायदा सचिवांकडेच आयुक्तपदाचा जादा कार्यभार दिला होता, मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने ह्यावर फार कडक शब्दांत सुनावलं आणि सरकारी नोकरीत असलेला माणूस ह्या पदावर चालणार नाही असं सगळ्या राज्यांना बजावलं.

मग आपण मागायचं काय? आपल्याकडे राज्य निवडणूक आयुक्तांना राज्यपाल नेमतात, म्हणजे खरं तर मंत्रिमंडळ जे नाव पाठवेल ते. बहुतेक वेळा निवृत्त होणारे मोठे अधिकारी येतात. कोणती नावं विचारात होती, हेच का निवडलं, आपल्याला कधीच कळत नाही, एके दिवशी पेपरात दोन ओळी येतात. ही नेमणूक मुख्यमंत्री, विरोधी पक्षनेते आणि मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती अशा तिघांच्या समितीने करावी आणि नावं आधी जाहीर करावीत. मार्च 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राच्या आयोगासाठी पंतप्रधान, विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश अशीच रचना सांगितली होती, पण त्याच डिसेंबरला संसदेने कायदा करून सरन्यायाधीशांच्या जागी एक केंद्रीय मंत्री घातला, म्हणजे तिघांत सरकारचे दोन. निदान महाराष्ट्राने तरी ते वळण घेऊ नये. प्रभागरचना आयोगाला परत द्यावी. आणि पद सोडल्यावर त्या माणसाला सरकारने काही वर्षं दुसरं कुठलंच पद देऊ नये, नाहीतर शेवटच्या वर्षात नजर कुठे असते ते आम्ही नोकरी केलेली माणसं चांगलं जाणतो.

अमेरिकेकडून घ्यायचीच तर एक गोष्ट जरूर घ्यावी. तिथला हा अधिकारी मोजणीच्या दिवसांत कॅमेऱ्यासमोर उभा राहून पत्रकारांना उत्तरं देतो, किती मोजली, किती राहिली, का राहिली. आपल्याकडे ह्या निवडणुकीत चार जणांच्या प्रभागात चार बटणं दाबायची होती, आमच्या केंद्रावर एक आजी एक बटण दाबून निघाल्या, त्यांना परत बोलावलं तर घाबरून गेल्या की माझं मत बाद झालं का. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी नाही, दाबलेलं मत गेलं कुठे ह्याची शंका माणसाच्या मनात येणारच. चिठ्ठी का नाही ह्याचं उत्तर आयोगाने दिलंय, पण ते त्या आजींपर्यंत, निदान त्यांच्या नातवापर्यंत पोचेल अशा साध्या भाषेत आयुक्तांनी जिल्ह्याजिल्ह्यात बसून द्यावं, मार्करच्या शाईचं पण द्यावं, आणि लोकांचे उलट प्रश्न ऐकून घ्यावेत.

नाशिकच्या सगळ्या पक्षांच्या आमदारांना विनंती आहे की येत्या अधिवेशनात कुणी एकाने तरी ह्या नेमणुकीच्या समितीसाठी अशासकीय विधेयक मांडावं. आणि आपल्या वृत्तपत्राने त्या आमदारांना एकेक करून हा प्रश्न विचारावा, कोण हो म्हणालं कोण नाही ते नावानिशी छापावं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक