नर्व्हस आणि अँक्शस एकच नाहीत

मा. संपादक, स.न.वि.वि.

इंग्रजी शब्दांच्या सदरात परवा नर्व्हस आणि अँक्शस या दोन्हींपुढे 'चिंताग्रस्त' असा एकच अर्थ वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. शब्द जवळचे आहेत, मान्य, पण मुलं हेच पाठ करतात आणि मग आयुष्यभर तसंच वापरतात.

नर्व्हस म्हणजे समोर काहीतरी ठरलेलं असतं, इंटरव्ह्यू आहे, स्टेजवर जायचंय, हातपाय गार पडलेत, पोटात गोळा आलाय, ती धाकधूक. एकदा बोलायला सुरुवात झाली की बहुतेक वेळा ओसरते. अँक्शसचं तसं नाही. तो जिवाला लागलेला घोर, म्हणजे रिपोर्ट यायचाय, किंवा मुलगी अजून पोचली नाही आणि फोन लागत नाहीये, आपल्या हातात काहीच नाही आणि मन मात्र तिथेच घिरट्या घालतंय, आणि कधी कधी तर घोर नक्की कशाचा तेही धड सांगता येत नाही. डॉक्टर लोकांचा अँग्झायटी शब्द याच घरातला. जनरलाइज्ड अँग्झायटीचं, म्हणजे सारखी कशा ना कशाची काळजी लागून राहण्याच्या आजाराचं, निदान करताना ती काळजी किमान 6 महिने, त्यातही बहुतेक दिवस असावी लागते, त्यामुळे परीक्षेच्या आदल्या रात्री नर्व्हस झालेल्या पोराला लगेच अँग्झायटी आहे म्हणू नका प्लीज.

मुळं बघितली तर फरक अजून कळतो. अँक्शसच्या मागे गळा आवळणे, घुसमटवणे अशा अर्थाचं लॅटिन क्रियापद आहे, आणि संस्कृतातला अंहस्, म्हणजे संकट, पाप, तोही त्याच मुळाचा. नर्व्हस मात्र स्नायुबंधाच्या शब्दावरून आला, म्हणून आधी त्याचा अर्थ चक्क पिळदार, दमदार असा होता! इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत हाच अर्थ पहिला दिलाय, आणि नसा कमजोर असलेला हा अर्थ शेवटी, तोसुद्धा वैद्यांच्या बोलीतला म्हणून.

आपल्याकडे अजून एक घोळ आहे, आणि मला सगळ्यात जास्त तोच खटकतो. मराठीत आपण नर्व्हस तिसऱ्याच अर्थाने वापरतो, मार्क कमी पडले म्हणून तो नर्व्हस झालाय, म्हणजे खट्टू झालाय, हिरमुसलाय. बोलताना चालतं, मीही म्हणते. पण हेच इंग्रजी पत्रात लिहिलं की वाचणारा समजतो हा कशाला तरी घाबरलाय. सदरात यावर एक ओळही नव्हती.

आणि नुसते अर्थ नको, पुढे काय जोडायचं तेही द्या. अँक्शस अबाउट म्हणजे काळजी, पण अँक्शस टू मीट यू म्हणजे भेटायला अगदी उतावीळ, आणि तिथेच नर्व्हस घातलं तर भेटायची धास्ती वाटतेय असं होतं. पुढच्या अंकात दोन्ही शब्द वेगवेगळे, वाक्यासकट छापाल का?

आपली,
एक नियमित वाचक