कुलूप लावून गेलेला पेशंट मेला का जगला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

परवा तुमच्या पेपरात कॅन्सरची बातमी होती, १०० पेशंट, वर्षात २० वारले, म्हणजे ८० टक्के वाचले. अहो पण ते ८० सगळे भेटले का कुणाला? मी परांडा-भूम भागात एका सर्व्हेसाठी वर्षभर वही घेऊन फिरलोय म्हणून विचारतो, दसरा झाला की टोळीच्या टोळी मुकादमाच्या ट्रॅक्टरात बसून कारखान्याला जाते आणि माझ्या वहीत पानभर एकच शेरा, "कुलूप, ऊसतोड".

आता समजा पहिल्या सहा महिन्यात १० गेले, मग ४० जण गाव सोडून गेले, उरले ५०, त्यातले पुढच्या सहा महिन्यात १० गेले. तुमच्या हिशोबानं ८० टक्के. ते ४० वहीतूनच काढले तर ६० पैकी ४०, म्हणजे ६७. कॅपलान-मायर म्हणून १९५८ ची पद्धत आहे, तिच्यात माणूस नजरेत होता तोवर मोजायचा, पहिला टप्पा ९० टक्के, दुसरा ५० पैकी ४० म्हणजे ८० टक्के, गुणाकार ७२. एकाच वहीतून तीन आकडे!

पण ७२ वर बी डोळे झाकून विश्वास नको. ज्याला कोयता उचलवतो तो तब्येतीनं बराच असणार, आणि जो पुण्याला लेकाकडं नेला तो बहुतेक खंगलेला, म्हणजे कोण गेलं त्यावर आकडा खाली-वर होतो. त्यात एका वस्तीवरचे सगळे एकदम जातात, ते सुट्टे सुट्टे धरता येत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ गट. २००९ ला निकाल आला, एकदाच एचपीव्ही टेस्ट (ज्या विषाणूनं हा कॅन्सर होतो त्याची तपासणी) ठेवलेल्या गटांत या कॅन्सरनं मरायचा धोका तपासणी न ठेवलेल्या गटांच्या मानानं जवळपास निम्मा. तिथं एवढ्या बायका असून गावांचे गट धरूनच हिशोब केलावता.

तेव्हा टक्के छापताना किती जणांचा पत्ता लागला नाही ते बी एका ओळीत छापा. गुढीपाडव्यानंतर परत आलेल्या एक मावशी वहीत डोकावून मला म्हणल्या, "काय रे, मला मेलेली धरलंवतंस का?" मी कुलूप खोडलं अन् त्या दिवसाची तारीख टाकली.

आपला एक वाचक, भूम, जि. धाराशिव