सालईचा डिंक आणि एक्स-रे

गुडघेदुखीवर 'हमखास गुण' देणाऱ्या शल्लकीच्या जाहिराती हल्ली रोज दिसतात. शल्लकी म्हणजे आपल्या विदर्भातल्या सालईचा डिंक. त्याच्या अर्काची रीतसर चाचणी नागपुरातच झाली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. रुग्ण अवघे ३०. निम्म्यांना अर्क, निम्म्यांना औषध नसलेली नकली मात्रा. आठ आठवड्यांनी अदलाबदल. वेदना कमी झाल्या, गुडघा जास्त वाकू लागला. एक्स-रेत मात्र काहीच फरक नव्हता! म्हणजे आराम खरा, पण झिजलेली कूर्चा (सांध्यातली गादी) भरून आल्याचा पुरावा नाही. जाहिरातीत नेमके हेच गाळतात. माझ्या आईला थोडा उतार पडला, हेही सांगायला हवे. पण व्यायामही तिने त्याच महिन्यात सुरू केला होता.

— एक वाचक, नागपूर